फांशांवरचा संघ

आमच्या घरांत फांसे येणें ही गोष्ट माझ्या वडिलांच्या हयातींत शक्य नव्हती. दिवाळीच्या सुट्टींत सोंगट्यांचा पट निघे, पण तोहि कवड्यांवर. आणि खेळ रंगांत आला कीं वडील माजघराच्या दारांत येऊन ‘धर्मराजाचें काय झालें तें ठाऊक आहे ना?’ एवढेंच विचारून परत जात. तेवढ्यानें निम्मा पट मोडे. अशा घरांत वाढलेला, पाठशाळेंत संस्कृत व शाळेंत मॅट्रिकपर्यंतचें इंग्रजी शिकून चौतीस वर्षें मास्तरकी केलेला मी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत पुतण्याच्या स्वयंपाकघरांतील मेजाशीं बसून रात्रीं अकरा-अकरा वाजेपर्यंत तीन फांसे खुळखुळवीत होतों. हें वडिलांना कळलें असतें तर त्यांनीं काय विचारलें असतें, याचा विचार मी करीत नाहीं. या खेळांत पैशाचा पण नव्हता, हें मात्र आरंभींच सांगून टाकतों. आमच्या सौभाग्यवतींनाहि तें तीन वेळां सांगावें लागलें होतें.

खेळ बेसबॉलचा, पण मैदानावरचा नव्हे, कागदावरचा. ज्यांचीं मुलें-नातवंडें अमेरिकेंत आहेत त्यांना बेसबॉल हें नांव परिचित असेल. इतरांसाठीं दोन ओळी पुरेत. नऊ-नऊ जणांचे दोन संघ. क्रिकेटांतील बोलरच्या जागीं येथें पिचर. तो साडेसाठ फुटांवरून चेंडू फेंकतो. बॅटर तो टोलवितो आणि नव्वद-नव्वद फुटांवरील चार ठाण्यांची प्रदक्षिणा पुरी झाली कीं एक रन पदरांत पडतो. तीन गडी बाद झाले कीं डाव फिरतो, आणि असे नऊ डाव; म्हणजे एका संघाला साऱ्या सामन्यांत सत्तावीस बाद. हा सत्तावीसचा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढचें सारें त्याच्यावर उभें आहे. व्यावसायिक संघ हल्लीं एका मोसमांत प्रत्येकीं १६२ सामने खेळतात, आणि कोणी किती वेळां बॅट घेतली, किती वेळां ठाणें गांठलें, याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून ठेवलेल्या आहेत. इतकी चोख वंशावळ आपल्याकडे तीर्थक्षेत्रांतील पंड्यांच्या वह्यांतच पाहावयास मिळते.

या नोंदींतूनच मेजावरचा खेळ जन्मला. १९३० सालीं क्लिफर्ड व्हॅन बीक नांवाच्या गृहस्थानें ‘नॅशनल पास्टाईम’ हा पत्त्यांचा व फांशांचा खेळ काढला. त्यांत प्रत्येक पत्त्यावर खराखुरा खेळाडू होता. १९४१ सालीं इथन ॲलन या व्यावसायिक खेळाडूनेंच चकतीवर कांटा फिरवून खेळण्याचा ‘ऑल-स्टार बेसबॉल’ हा खेळ बाजारांत आणला. १९५१ सालीं पेनसिल्व्हेनियांतील लँकेस्टर गांवीं ‘ॲप्बा’ निघाला. पुढें कादंबरीकार म्हणून गाजलेल्या जॅक केरुअकनें मुलपणींच स्वतःच्या मनाचे संघ व स्वतःचे पत्ते करून असा खेळ मांडला होता, आणि त्याचे ते कागद आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत जपून ठेविले आहेत. आमच्या मेजावरचा खेळ ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा. तो हॅल रिचमन या न्यूयॉर्ककडील मुलानें वयाच्या अकराव्या वर्षीं योजिला. पुढें त्यानें महाविद्यालयांत गणिताचा अभ्यास केला आणि १९६१ सालीं तो विक्रीस काढला. मुलाच्या खेळण्यांतील हट्ट मोठेपणींहि सुटला नाहीं, त्याचें हें फळ. १९८१ सालीं खऱ्या खेळाडूंनीं संप पुकारला तेव्हां क्लीव्हलंडच्या विशाल व रिकाम्या मैदानावर याच फांशांनीं वार्षिक प्रदर्शनी सामना खेळला गेला, आणि २०२० च्या महामारींत मैदानें ओस पडलीं असतां कंपनीनें साऱ्या मोसमाचे सामने रोजच्या रोज असेच खेळून प्रसिद्ध केले. संगणकावरहि आतां असे खेळ आहेत. पण पुतण्याच्या मंडळींचा आग्रह असा कीं फांसे हातानेंच टाकावयाचे.

त्याची घडण सांगितल्याशिवाय पुढची हकीकत कळणार नाहीं. प्रत्येक खेळाडूचा एक पत्ता, आणि त्यानें गेल्या मोसमांत प्रत्यक्ष जें केलें तें त्या पत्त्यावर उतरविलेलें. एक पांढरा फांसा व दोन तांबडे फांसे एकदम टाकावयाचे. पांढऱ्यावर एक, दोन किंवा तीन पडले तर बॅटरच्या पत्त्यावरील त्या क्रमांकाचा स्तंभ पाहावयाचा. चार, पांच किंवा सहा पडले तर पिचरच्या पत्त्यावरील. तांबड्या दोन फांशांची बेरीज दोनापासून बारापर्यंत. त्या ओळींत लिहिलें असेल तें घडलें. म्हणजे निम्म्या वेळीं बॅटरचें कर्म व निम्म्या वेळीं पिचरचें. तिन्ही फांशांचे एकंदर प्रकार दोनशें सोळा. त्यांत तांबड्यांची बेरीज सात येण्याचे मार्ग छत्तिसांतून सहा, तर दोन किंवा बारा येण्याचा मार्ग एकेकच. तेव्हां पहिल्या स्तंभांत सातच्या ओळीवर ‘होमरन’ लिहिला असेल तर दोनशें सोळांतून सहा वेळां तो लाभतो, आणि दोनच्या ओळीवर असेल तर एकदांच. पिचरच्या पत्त्यावरील कांहीं ओळींत निकाल न देतां चेंडू अमक्या क्षेत्ररक्षकाकडे गेला एवढेंच लिहिलेलें असतें. मग त्या रक्षकाचा दर्जा पाहावयाचा. एक हा उत्तम, पांच हा अगदींच गचाळ.

पहिल्या रात्रीं पुतण्या हें समजावून सांगत होता तेव्हां मला वनपर्वांतील नळाची गोष्ट आठवली. ऋतुपर्ण राजानें रथ धांवत असतां बेहड्याच्या झाडावरील पानें व फळें किती तें सांगितलें; नळानें रथ थांबवून फळें मोजलीं तों तीं तितकींच भरलीं; आणि मग अश्वविद्येच्या मोबदल्यांत त्यानें राजाकडून अक्षहृदय घेतलें. त्या काळीं फांसे म्हणून बेहड्याचीं फळेंच वापरीत, हेंहि येथें लक्षांत घ्यावें. अक्षहृदय म्हणजे कांहीं मंत्र असावा अशी माझी समजूत होती, व मी चौतीस वर्षें वर्गांत तशीच ती शिकविली. फांद्यांवरील फळांचा अदमास आणि फांशांचें मर्म हीं दोन्ही एकाच माणसापाशीं कां असावीं, हा प्रश्न मला एकदांहि पडला नाहीं. तो न्यू जर्सींत पडला. मी हें बोलून दाखवितांच पुतण्या म्हणाला, “काका, मग तुम्ही आमच्या सभेला बसलेच पाहिजे.”

ही सभा म्हणजे त्यांच्या मंडळाची वार्षिक निवड. मंडळांत बारा संघ व बारा चालक. कोणी इंजिनिअर, दोन शाळामास्तर, एक ओहायोकडील टपालखात्यांतून निवृत्त झालेला कारकून. साऱ्यांच्या भेटी क्वचितच होतात. नवे पत्ते हिंवाळ्याच्या अखेरीस निघतात. मग प्रत्येकानें जुन्या खेळाडूंपैकीं पंचवीस ठेवावयाचे, बाकीचे सोडावयाचे, आणि सुटलेले व नव्यानें आलेले यांतून पाळीपाळीनें निवड करावयाची. पहिली पाळी गेल्या सालीं तळाशीं राहिलेल्या संघाची. ही उलटी पंगत मला फार आवडली. आपल्या शाळांतून पहिल्या बांकावर पहिला नंबर बसवितात, त्याच्या नेमकी उलट.

१९८० पासून निघालेला दुसरा एक प्रकार अमेरिकेंत फार फोंफावला आहे. त्यांत चालू मोसमांतील खऱ्या खेळाडूंच्या रोजच्या कामगिरीवर घरबसल्या गुण मिळतात. तो हा नव्हे. येथें पत्त्यावरची कामगिरी गेल्या सालची, ठरलेली; तिचा उपयोग कोठें, केव्हां व कोणासमोर करावयाचा एवढेंच चालकाच्या हातीं. त्यामुळें संघ बांधतांना दोन विद्या लागतात. आज हातांत असलेला पत्ता ओळखणें ही एक. आणि तोच मनुष्य पुढल्या सालीं कसा पत्ता आणील हें ताडणें ही दुसरी. पहिली गणिताची, दुसरी ज्योतिषाची.

पहिलींत नवशिका कोठें फसतो तें पुतण्यानें मला कागदावर मांडून दाखविलें. दोन बॅटर घ्या. दोघेहि सहाशें वेळां खेळावयास उभे राहिले. एकाची टोलांची सरासरी .३००, पण चेंडू सोडून देण्याचा धीर नाहीं. पिचरच्या चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळणारें पहिलें ठाणें त्यानें वीस वेळांच घेतलें. दुसऱ्याची सरासरी .२७०, पण असें फुकट ठाणें त्यानें नव्वद वेळां मिळविलें. पहिल्याचे पांचशें ऐशींत टोले एकशें चौऱ्याहत्तर, एकूण ठाणें गांठलें एकशें चौऱ्याण्णव वेळां. दुसऱ्याचे पांचशें दहांत टोले एकशें अडतीस, पण ठाणें गांठलें दोनशें अठ्ठावीस वेळां. म्हणजे वर्तमानपत्रांत ज्याचा मान मोठा तो खरोखर चौतीस वेळां अधिक बाद झाला. आणि सामन्यांत संघाच्या गांठीं धन असतें तें सत्तावीस बादांचेंच. ब्रुकलिन संघाचा चालक ब्रँच रिकी याच्या लक्षांत हें फार पूर्वी आलें होतें. १९४७ सालीं त्यानें ॲलन रॉथ नांवाचा आंकडेतज्ज्ञ पगारी नेमला. त्याच वर्षीं त्यानें जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णी खेळाडूला मैदानावर उतरवून साठ वर्षांची अस्पृश्यता मोडली, म्हणून त्याचें नांव जगाला ठाऊक. रॉथचें नांव कोणी घेत नाहीं. पुढें कॅन्ससमध्यें एका डबेबंद अन्नाच्या कारखान्यांत रात्रीचा पहारा करीत बिल जेम्स यानें हेंच गणित पुष्कळ पुढें नेलें व १९७७ पासून स्वतःच्या खर्चानें पुस्तिका छापल्या. त्याला बॉस्टनच्या संघानें सल्लागार म्हणून घेतलें, आणि २००४ सालीं त्या संघाला शहाऐंशीं वर्षांनीं अजिंक्यपद लाभलें. सारें श्रेय त्या पहारेकऱ्याचें असें कोणी म्हणत नाहीं. मीहि म्हणत नाहीं.

दुसरा खड्डा याहून गोड. एखाद्या खेळाडूनें मागल्या सालीं सव्वाशेंच वेळां बॅट हातीं घेतली आणि चेंडू नेमके पोकळींत पडत गेले, तर त्याचा पत्ता मोठमोठ्या वीरांहून झळझळीत निघतो. तो पाहून मला वाटलें, हाच घ्यावा. पण मंडळाचा नियम असा कीं प्रत्यक्षांत जितक्या वेळां खेळला त्याहून अधिक वेळां त्याला मेजावर उतरवितां येत नाहीं. आणि पुढल्या सालीं दैव फिरलें कीं पत्ता काळवंडतो. शाळेंत चाचणीला एकदांच शंभरपैकीं शंभर मिळविणारा मुलगा आम्ही मास्तर लोक असाच ओळखतों. क्षेत्ररक्षणाविषयीं पुतण्याचें मत ठाम होतें: दुसऱ्या व तिसऱ्या ठाण्यांमधला रक्षक व मध्यांतील रक्षक यांचा दर्जा एक किंवा दोन असलाच पाहिजे, मग बॅट दुबळी असली तरी चालेल. डावऱ्या पिचरसमोर उजवे व उजव्यासमोर डावरे बॅटर राखून ठेवणें हा तर पाठच आहे. निवडीच्या रात्रीं त्यानें सहाव्या पाळीला एका पोरसवदा रक्षकावर बोट ठेविलें, तेव्हां दूरवरून कोणीतरी हंसलेलें मला ऐकूं आलें.

पण मला विस्मय वाटला तो सामने खेळण्याच्या रीतीचा. दोन चालक शेंकडों मैलांवर. मग सामना कसा व्हावा? पूर्वी हें टपालानें चाले, आतां संगणकावरून पत्रें जातात, एवढाच फरक. पाहुण्या संघाचा चालक आपल्या सूचना लिहून धाडतो: उजव्या पिचरसमोर क्रम असा, डावऱ्यासमोर असा; अमक्यानें ठाणें चोरण्याचा प्रयत्न करावा, अमक्यानें करूं नये; सातव्या डावानंतर पिचर थकला तर अमका आणावा. यजमान चालक त्या सूचना पुढें ठेवून दोन्ही बाजूंचे फांसे एकटाच टाकतो, दोन्ही बाजूंच्या नोंदी लिहितो, व निकाल कळवितो. पाहावयास कोणी नसतें. एक फांसा जमिनीवर पडला तर तिन्ही पुन्हा टाकावयाचे. मेजावर राहिला तर पडला तो पडला. नियम एवढाच, आणि तो पाळला जातो कीं नाहीं हें फक्त स्वयंपाकघराच्या भिंतींना ठाऊक. चौतीस वर्षें परीक्षेच्या दालनांत येरझारा घातलेल्या माणसाला ही व्यवस्था वेडगळ वाटली. मी विचारलें, “आणि कोणी लबाडी केली तर?” पुतण्या म्हणाला, “करूं शकेल, काका. पण मग त्यानें खेळावें तरी कशाला?” या मंडळाला तेव्हां सव्वीसावें वर्ष चाललें होतें.

जूनमध्यें पुतण्याच्या पाठीच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली. सहा आठवडे निजून राहण्याची आज्ञा, आणि वेदनेवरील औषधांनीं डोकें जड. सूनबाई नोकरी, घर व आजारी नवरा यांत पिळून निघालेली. संघाची पत्रें सांचूं लागलीं. पुतण्यानें मला व त्याच्या तेरा वर्षांच्या मुलाला पलंगापाशीं बोलावून सांगितलें, “संघ बुडाला तरी चालेल, पण सामने तारखेला झाले पाहिजेत. ठरवायचें तें तुम्ही दोघांनीं ठरवा. मला विचारूं नका. मी या गोळ्यांवर कांहींहि बोलेन.” नातवाचें मराठी अर्धेंमुर्धें व माझें इंग्रजी त्याहून अधू, पण फांशांची भाषा आम्हां दोघांना सारखीच येत होती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यांत नव्वद सामने झाले, तेव्हां आमचे विजय सत्तेचाळीस, पराभव त्रेचाळीस, स्थान बारांत सातवें. अंतिम फेरीला चार संघ जातात. चौथ्याचे विजय त्रेपन्न. नातवाच्या डोळ्यांत उत्साह मावत नव्हता: सहाच तर सामने! पण बिल जेम्सचा एक ठोकताळा पुतण्याच्या वहींत लिहिलेला मीं पाहिला होता. संघानें केलेल्या रनांचा वर्ग घ्यावा. त्यास केलेल्या व दिलेल्या रनांच्या वर्गांच्या बेरजेनें भागावें. जो अपूर्णांक येईल तितके विजय त्या संघाला शोभतात. आम्हीं केलेले रन चारशें दोन, दिलेले चारशें एकतीस. मी कागदावर वर्ग केले, भागाकार.४६५ आला. नव्वद सामन्यांत आम्हांला शोभणारे विजय बेचाळीस. पदरांत होते सत्तेचाळीस. वरचे पांच दैवानें उसने दिलेले. उरलेल्या बहात्तर सामन्यांत त्याच बळावर तेहेतीस-चौतीस मिळाले तर सारी बेरीज एक्याऐंशीं; आणि चौथें स्थान नव्वदांच्या खालीं जाणार नव्हतें.

मी तो कागद नातवापुढें ठेवला. त्यानें तो बराच वेळ वाचला व उलटा घातला.

याच सुमारास ओहायोच्या टपाल-कारकुनाचें पत्र आलें. त्याचा संघ दुसरा. त्याला आमचा पहिल्या ठाण्यावरचा रक्षक हवा होता. वय छत्तीस, दहा वर्षें आमच्याच संघांत, आणि उजव्या पिचरांसमोर त्याचा पत्ता त्या सालीं फारच छान निघाला होता. मोबदल्यांत तो बावीस वर्षांचा एक रक्षक व चोवीस वर्षांचा एक डावरा पिचर देत होता. दोघांचेहि पत्ते त्या घटकेला सामान्य. हा म्हातारा खेळाडू नातवाला पाळण्यापासून ठाऊक. त्याच्या खोलींत त्याचें चित्र होतें. “आजोबा, तो आपला आहे,” एवढाच त्याचा युक्तिवाद, आणि त्याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

अशा व्यवहारांच्या जुन्या कथा मीं वाचून काढल्या. १९६४ च्या जूनमध्यें शिकागोच्या कब्ज संघानें लू ब्रॉक हा चोवीस वर्षांचा, .२५१ सरासरीचा तरुण सेंट लुईसला देऊन अर्नी ब्रॉग्लिओ हा नांवाजलेला पिचर घेतला. ब्रॉकनें उरलेल्या मोसमांत .३४८ नें टोले मारले, सेंट लुईसनें त्याच वर्षीं अजिंक्यपद मिळविलें, आणि ब्रॉग्लिओला शिकागोसाठीं पुढें एकंदर सातच सामने जिंकतां आले. ही कथा तरुण घ्या असें सांगते. पण दुसरी नेमकी उलट. १९६५ च्या डिसेंबरांत सिनसिनाटीच्या अध्यक्षांनीं फ्रँक रॉबिन्सन याला बाल्टिमोरला देऊन टाकलें. कारण असें दिलें कीं तो तीस वर्षांचा असला तरी तरुण तीस नव्हे. पुढल्याच मोसमांत त्या ‘प्रौढ’ गृहस्थानें सरासरी .३१६, होमरन एकोणपन्नास व धाडलेले रन १२२, या तिन्हींत आपल्या लीगमध्यें पहिला क्रमांक पटकाविला आणि बाल्टिमोरला पहिलें अजिंक्यपद मिळवून दिलें. ब्रँच रिकीचें धोरण मात्र असें सांगतात कीं खेळाडू एक वर्ष उशिरां देण्यापेक्षां एक वर्ष आधीं दिलेला बरा.

हें वाक्य वाचून मी वही मिटली. येथें थोडें स्वतःचें सांगणें भाग आहे. निवृत्तीला दोन वर्षें उरलीं असतां माझ्याकडील दहावीचें संस्कृत काढून एका तरुण शिक्षकाकडे देण्यांत आलें. मला पांचवीचें मराठी व ग्रंथालय मिळालें. शाळेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. वेळापत्रक फळ्यावर लागलें तेव्हां मला कळलें. आधीं कोणी बोलावून सांगितलें नाहीं. त्या वर्षीं दहावीच्या संस्कृतचा निकाल आदल्या वर्षाहून चांगला लागला, हेंहि सांगितलें पाहिजे, आणि तें सांगतांना आजहि मला जड जातें. वेळापत्रक लावणारे चुकले नव्हते. त्यांनीं मला बोलावून सांगितलें असतें तर, एवढेंच.

तेव्हां मी नातवाला बोलावून बसविलें आणि सांगितलें कीं मी हा व्यवहार करणार. कां करणार तें. आणि त्यांत मी चुकण्याचा संभव किती तें. फ्रँक रॉबिन्सनची कथाहि लपविली नाहीं. तो म्हणाला, “मग विचारतां कशाला?” मी म्हटलें, “विचारीत नाहीं, सांगतों आहें.” त्यानें खोलीचें दार लावून घेतलें. मीं पत्र धाडलें. चार दिवस तो माझ्याशीं बोलला नाहीं. रोज रात्रीं सामन्याला मात्र येऊन बसे, नोंदवही पुढें ओढी व मी टाकलेले फांसे मुकाट्यानें लिही. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, लेकराचा एवढा जीव होता तर राहूं द्यायचा होता. कागदाचाच ना तो?” मी म्हटलें, कागदाचा आहे म्हणूनच तर. पण त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

पांचव्या दिवशीं पत्रिकेप्रमाणें ओहायोचा संघच आमच्या घरीं आला. म्हणजे त्याच्या सूचनांचा कागद आला. फांसे माझ्या हातीं. आठव्या डावांत आम्ही एका रननें पुढें, त्यांचे दोन गडी बाद, एक पहिल्या ठाण्यावर, आणि बॅटीस आला आमचाच म्हातारा. मी फांसे टाकले. पांढऱ्यावर एक. तांबड्यांपैकीं एकावर तीन. दुसरा घरंगळत मिठाच्या भांड्याला जाऊन टेकला व किंचित् कलता राहिला, पण चार स्पष्ट दिसत होते. एक आणि सात. पाठ असलेला पत्ता पाहावयाची गरज नव्हती. पहिल्या स्तंभांत सातवर त्याचा होमरन होता.

घरांत सामसूम होती. मी नातवाकडे पाहिलें. त्याचा चेहरा उतरला होता. मला त्याच्याशीं बोलावयाचें होतें, चार दिवसांचें मौन कसेंहि करून मोडावयाचें होतें, आणि माझ्या तोंडून शब्द गेले, “हा भांड्याला अडला, नाहीं का रे? पुन्हा टाकावा काय?”

त्यानें भांडें हळूच बाजूला केलें. फांसा हलला नाहीं.

“नाहीं, आजोबा. टेबलावर आहे तर आहे,” तो म्हणाला, आणि त्यानें वहींत होमरन लिहिला. दोन रन. आम्ही तो सामना हरलों. निकालाचें पत्रहि त्यानेंच लिहिलें.

त्या मोसमांत आमचा संघ एकोणऐंशीं विजयांवर थांबला, स्थान आठवें. ओहायोचा संघ अंतिम फेरींत गेला व तेथें हरला. घेतलेल्या दोघांपैकीं डावऱ्या पिचरचा खांदा पुढल्याच वर्षीं गेला. तो मातींत गेल्यासारखाच. बावीस वर्षांच्या पोराचा पत्ता मात्र गेल्या फेब्रुवारींत असा निघाला कीं नातवानें तो वाचून दाखविण्यासाठीं आमच्याकडे पहांटे पांच वाजतां फोन केला. रक्षणाचा दर्जा एक. फुकट ठाणीं एकाहत्तर. पुतण्या आतां बरा आहे, चालतो-फिरतो, संघ पुन्हा त्यानें हातीं घेतला आहे. पण निवडीच्या सभेला नातू शेजारीं खुर्ची टाकून बसतो, आणि ठेवावयाच्या पंचविसांची यादी आधीं मला वाचून दाखविण्यांत येते.

म्हाताऱ्या रक्षकानें त्यानंतर एकच मोसम काढला व तो निवृत्त झाला. साल सरलें कीं जुना पत्ता निरुपयोगी होतो; बहुतेक चालक ते खोक्यांत भरून माळ्यावर टाकतात. त्याचा तो शेवटून दुसरा पत्ता, ज्यावर सातच्या ओळींत होमरन आहे, नातवानें ओहायोच्या कारकुनाकडून मागून घेतला व टपालानें मला धाडला. सध्यां तो माझ्या अमरकोशांत खूण म्हणून घातलेला आहे.